पुढचा पांढरा, मागचा लाल

सायकलवरून उतरलं की माणूस आधी स्टँड लावतो. मामाजी आधी दिवे काढायचे. एक पाय जमिनीवर, सायकल मांडीला टेकवलेली, आणि बोटं हँडलवरच्या दिव्याचा रबरी पट्टा ताणून हुकातून सोडवताहेत. पुढचा पांढरा दिवा निघाला की मागे वळून सीटखालचा लाल. तो चिमट्याचा होता, कपड्याच्या चिमट्यासारखा दाबून काढायचा. दोन्ही दिवे सदऱ्याच्या खिशात जात, खिशावरून एकदा हात फिरे, आणि मग स्टँड. कोणी बघत असलं तर त्याच्याकडे पाहून म्हणायचे, "काढून घेतलेला बरा."

मी आंधळगावात एका विणकर संस्थेच्या शेडवर देखरेखीचं काम करते. सूत द्यायचं, उतरलेलं लुगडं तपासून घ्यायचं, मागावर कोण आलं कोण नाही ते बघायचं, भांडणं वाढू द्यायची नाहीत. आमच्या आवारात चोरण्यासारखं काही असेल तर तो कोसा, म्हणजे टसर रेशमाचं सूत, आणि तो कुलपात असतो. सायकलचे दिवे कोण नेणार? पण मामाजींनी ते कधी सायकलवर सोडले नाहीत.

त्यांना सगळेच मामाजी म्हणायचे. माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे, अंगानं वाळलेले, आवाज बारीक. दोन गावं पलीकडून यायचे. "काढून घेतलेलं बरं" हे त्यांचं सगळ्याच बाबतीत होतं. डब्यातलं लोणचं पोळीला लागायच्या आत काढून घेतलेलं बरं. आभाळ भरून आलं की दोरीवरचे कपडे काढून घेतलेले बरे. शेजारच्या मागावरचा विणकर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता त्यांना डिवचायचा.

"मामाजी, पायडलबी काढून घ्या. कोनी पळवंल."

"पायडल तुहे घेऊन जाईन, तुले कायले पायजेत? तू तं जाग्यावरून हालत नाईस."

दिवे त्यांच्या मुलीनं दिले होते. मुलगी साकोलीला दिलेली. आमच्या रस्त्यावरून वाळूचे टिप्पर कसे जातात ते तुम्ही कधी बाजूला उभं राहून पाहिलं असेल तर तिनं दिवे का दिले ते वेगळं सांगायला नको. वडिलांना सायकल सोडा म्हणून सांगणं तिला जमलं नसणार. दिवे देणं जमलं.

संध्याकाळी उलट क्रम. खिशातून दिवे निघायचे, आधी तळहातावर पेटवून बघायचे, मग पुढचा पांढरा हँडलला, मागचा लाल सीटखाली. रबर ताणताना तोंडही ताणलं जायचं. सगळं झालं की फाटकाशी जो असेल त्याला विचारायचे, "मांगचा लाल पेटला का, जी?" हो म्हटलं की निघायचे. काळजी घेणारा माणूस, असं आम्ही समजत होतो. स्वतः मागे वळून बघता येत असताना ते दुसऱ्याला का विचारतात, हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

आता कामाचं थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कोसा रंगवला नाही तर त्याला स्वतःचा रंग असतो, आणि तो सगळीकडे सारखा नसतो. एका खेपेचं सूत मधाकडे झुकतं, दुसऱ्या खेपेचं राखेकडे. सुटी लड हातात घेतली तर फरक जाणवत नाही, पण विणल्यावर एकाच खेपेचं सूत एका जागी आलं तर लुगड्यावर पट्टा उठतो. म्हणून विणकर आडवा धागा नेणारे दोन धोटे ठेवतो. एकात या सुताची कांडी, दुसऱ्यात त्या सुताची. एकदा हा फेकायचा, एकदा तो. रंग एकमेकांत मुरतात आणि अख्खं लुगडं एका रंगाचं दिसतं. मामाजींच्या डाव्या हाताला मधाळ सुताच्या कांड्यांची टोपली असायची, उजव्या हाताला राखाडीची. कांड्या त्यांची बायको घरी भरून द्यायची. तिला आम्ही मामीजी म्हणायचो, पण तोवर ती शेडवर क्वचितच आलेली.

उन्हाळ्यात दुपारी वीज जाते. गेली की शेडमधले माग एकेक करून थांबतात, माणसं बाहेर कडुनिंबाखाली जातात, खर्रा निघतो. एक माग मात्र चालू राहायचा. पहिल्यांदा आवाज ऐकून मी आत गेले तर मामाजी एकटे विणत होते. सायकलचा पांढरा दिवा त्यांनी हात्याला लावला होता. हात्या म्हणजे धोटा फेकल्यावर सूत ठोकून बसवतो ती पुढेमागे हलणारी चौकट. रबरी पट्टा तिच्या लाकडाला बरोबर बसला होता. चौकट मागे गेली की उजेडाचा गोल मागे, पुढे आली की पुढे.

"मामाजी, बाहेर बसा ना थोडं."

"बाहेर बसून काय करू, मॅडम? दिवा हाय."

मी खूश झाले. दुसऱ्यांना त्यांचं उदाहरणही दिलं, आणि ते कोणाला आवडलं नाही. शेजारचा विणकर म्हणाला, "मामाजी, आमाले कामचोर बनवून राहिले तुमी." दुसऱ्या दिवशी मामाजींनी लाल दिवाही आणून पाठीमागच्या खांबाला लावला आणि सांगितलं, लाल पेटलेला असला की माझ्याशी बोलायचं नाही, मी तुटलेला धागा जोडून राहिलो. शेडमध्ये ती गंमतच झाली. लाल दिसला की लोक मुद्दाम लांबून हात जोडून जायचे.

दिवे चार्जिंगला लावायला ते माझ्या टेबलाशी यायचे. "थोडी पिन लावू द्याल का, मॅडम?" टेबलावर माझा मोबाइल आणि त्यांचे दोन दिवे शेजारी शेजारी पडलेले असायचे. एकदा मुलगी जावयासोबत गाडीवर आली, बापाला डबा द्यायला. तिनं मला विचारलं, "बाबा दिवे लावतेत ना, मॅडम?" मी उत्तर देण्याआधीच मागावरून आवाज आला, "रोज लावतो. सकायपासून लावून ठेवतो." सगळे हसले. मुलगीही हसली. त्यात खोटं काही नव्हतं.

मग एक दिवस मी सूत द्यायला आत गेले. वीज होती. डोक्यावर ट्यूबलाइट होती, खिडकीतून ऊन येत होतं, आणि मामाजींच्या हात्यावर पांढरा दिवा पेटलेला होता. मला वाटलं, बंद करायचा राहिला असेल. मी हात पुढे केला.

"राहू द्या," ते म्हणाले. वर न बघता.

त्या संध्याकाळी मी फाटकाशी होते. ते सायकल घेऊन आले, दिवे लावले, मला विचारलं, "मांगचा लाल पेटला का, जी?"

"नाही पेटला. पुढचाही नाही."

"आसं का." त्यांनी पुढच्या दिव्याचं बटण दोनदा दाबलं. "दिसभरात संपला असंल." आणि सायकलवर टांग टाकली. टिप्परांच्या त्या रस्त्यानं, अंधार पडत असताना. मी हाक मारून थांबवलं, शेडमधल्या एकाला त्यांच्यासोबत पाठवलं आणि घरी गेले.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांचं एक लुगडं उतरलं. तपासायची आमची पद्धत अशी की सकाळच्या उन्हात अंगणात दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायचं आणि मी बाजूनं बघत जायचं. आत, दिव्याखाली, काही कळत नाही. उन्हात सगळं कळतं. पदराच्या अलीकडे वीतभर रुंदीचा मधाळ पट्टा उठलेला होता. टोपल्यांतल्या कांड्या एकमेकींत मिसळल्या होत्या आणि दोन्ही धोट्यांत एकच सूत गेलं होतं. नवशिक्याच्याही हातून हे होत नाही, कारण कांडी धोट्यात घालताना रंग समोर असतो. पण त्या पांढऱ्या दिव्याच्या निळसर उजेडात मध आणि राख एकच दिसतात. हे मी नंतर स्वतः दोन्ही कांड्या दिव्याखाली धरून पाहिलं.

मामाजी पट्ट्यासमोर उभे होते. वाकून, लुगडं डोळ्यांजवळ घेऊन, त्यांनी बोटानं त्याची कड शोधली. सापडली नाही.

"कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

एक टोक धरून उभ्या असलेल्या बाईनं त्यांचं बोट धरून तिथं ठेवलं.  

सगळ्यांनी मोतीबिंदू ठरवून टाकला. मामाजींनीही. ते म्हणाले, मागावर चढवलेला सध्याचा ताणा संपला की काढून टाकतो, डोळ्याचं काय मोठं काम, सकाळी गेलं की संध्याकाळी घरी. काढून घेतलेला बरा. मी वाट न बघता त्यांना बसनं भंडाऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

तिथं एक मशीन असतं. हनुवटी टेकवून आत बघायचं. आत पांढऱ्या भिंतीसारखं काही असतं आणि त्यावर कुठंही, कधीही, बारीकसा दिवा लुकलुकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. बटण दाबलं की बाहेर बसलेल्याला टक असा आवाज ऐकू येतो. मी दाराशी खुर्चीवर बसले होते. मामाजींच्या आधी बसलेल्या एका म्हातारीचं बटण सारखं टकटक करत होतं. मामाजी आत गेले. एकदा टक झालं. मग बराच वेळ काहीच नाही. मग परत एकदा.

बाहेर आल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "मशीन चालू केली होती का, जी, त्यायनं?"

मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. डॉक्टरांनी कागदावर एक मोठा गोल काढला आणि त्याच्या मध्ये एक बारका गोल. एवढं दिसायला हवं, म्हणाले, आणि यांना एवढं दिसतं. बाजूचं गेलं. गेलेलं परत येत नाही, थेंब घालत राहिलात तर आहे ते राखू. मला त्या बारक्या गोलाकडे बघून हात्यावरचा दिवा आठवला. त्याचा उजेडही एवढ्याच जागी पडायचा. त्यांचं बरोबर जुळलं होतं, आणि म्हणून इतके दिवस चाललं.

बस स्थानकावर आम्ही बाकावर बसलो. मी चहा आणला. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला.

"मॅडम, आता माग?"

"मागाचं अवघड आहे, मामाजी."

"अवघड म्हंजे नाई."

"नाही."

"सायकल?"

"तीही नाही. बाजूनं आलेलं दिसत नाही तुम्हाला."

त्यांनी चहा संपवला. कप बाकाखाली ठेवला, पायानं आत सरकवला. मग म्हणाले, "काढून घेतलेलं बरं." हे त्यांनी नेहमीच्याच आवाजात म्हटलं, लोणच्याबद्दल म्हणायचे तसंच. थोड्या वेळानं म्हणाले, "पन मागावर हाय ते लुगडं पुरं करू द्या. अर्ध्यावर दुसऱ्याचा हात लागला का दिसते ते."

हे खरं होतं. प्रत्येकाचा ठोका वेगळा असतो, हात बदलला की वीण बदलते आणि उन्हात ती रेघ दिसते. लुगडं अर्धं झालेलं. मी हो म्हटलं. कामाच्या दृष्टीनं तेच बरोबर होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते पायी आले आणि सोबत मामीजी आली. ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा, हातात कांड्यांच्या दोन पिशव्या. ती मागाच्या कडेला जमिनीवर बसली, दोन्ही टोपल्या तिनं स्वतःपुढे ओढून घेतल्या. धोट्यातली कांडी संपली की मामाजी हात पुढे करायचे आणि ती नवी कांडी हातात द्यायची. दिवा अजून हात्यावर होता, पण रंग आता ती बघत होती, खिडकीच्या उजेडात धरून.

"डाव्याची देऊन राहिली का उजव्याची?"

"तुमाले काय करायचं? हात करा पुढं."

"सांगाले काय जाते तुहं?"

"इतके वर्सं घरी बसून कांड्या भरल्या, तवा इचारलं का कोनती कुठची? आता काहून इचारता?"

शेडमधली माणसं त्या दिवसांत कमी बोलत होती. वीज गेली तरी एक-दोघे आतच बसायचे. शेजारच्या विणकरानं एकदा खर्रा पुढे केला. मामाजी म्हणाले, लाल पेटलेला हाय. खांबावरचा लाल त्या दिवशी लावलेलाच नव्हता. विणकर खांबाकडे बघत राहिला आणि मग हात मागे घेतला.

लुगडं उतरलं. सकाळी अंगणात ताणलं. एक टोक मामीजीनं धरलं, दुसरं शेडमधल्या एकीनं. मामाजी मधे उभे होते, लुगड्याकडे नाही, माझ्याकडे तोंड करून. मी पदरापासून सुरुवात केली आणि शेवटपर्यंत बघत गेले. परत बघत आले. कुठेही पट्टा नव्हता. ठोका सुरुवातीपासून अखेरपर्यंत एक. आमच्याकडे त्या वर्षात असं सरळ लुगडं दुसरं उतरलं नाही. मी तसं सांगितलं.

"नाई ना पट्टा?"

"नाही, मामाजी."

"मंग ठीक."

त्यानं काही बदललं नाही. बदलण्यासारखं नव्हतंच, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. ते आत गेले, हात्यावरचा दिवा काढला. रबर इतके महिने तिथं ताणलेलं होतं, लाकडावर त्याची गुळगुळीत रेघ पडली होती. त्या रेघेवरून त्यांनी अंगठा फिरवला. दोन्ही दिवे खिशात टाकले, खिशावरून हात फिरवला. मामीजीनं टोपल्या एकात एक घातल्या. फाटकाशी मी होते, पण सायकल नव्हती, त्यामुळे विचारण्यासारखं काही नव्हतं. दोघं चालत गेली.

त्या मागावर आता एक तरुण बाई बसते. हात तिचा चांगला आहे. हात्यावरच्या रेघेबद्दल तिनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, दिवा लावायचे तिथं. तिनं ट्यूबलाइटकडे पाहिलं आणि कामाला लागली.

मामीजी अजून आमच्यासाठी कांड्या भरते. सूत द्यायला मी कधी कधी घरी परतताना त्यांच्या गावावरून गाडी वळवते. परवा असंच दिवेलागणीला निघाले होते. पावसाळा संपलेला, दोन्ही बाजूंना धान उभं, रस्त्यावर दोन्हीकडून टिप्पर येत होते. मला पुढे कडेला लाल दिवा दिसला. सायकलच्या मानानं बराच उंच होता आणि सायकलच्या मानानं फारच हळू चालला होता. जवळ गेल्यावर दिसलं. मामाजी चालत होते, पांढऱ्या सदऱ्यात, डावा हात बाजूच्या झुडपांना लावत लावत. दिवा त्यांच्या पाठीवर होता, कॉलरला चिमट्यानं लावलेला. मागून येणाऱ्या टिप्परांनी तो पाहून गाड्या बाजूला घेतल्या. मीही घेतली. ते माझ्या बाजूला होते, पण बाजूचं त्यांना दिसत नाही. मी थांबवलं नाही, मागे राहून हळूहळू गाडी चालवत गेले.

घराशी मामीजी दारातच उभी होती. मी गाडी जरा मागेच उभी केली आणि सुताची पिशवी काढत होते. मामाजी तिच्यासमोर येऊन पाठ करून उभे राहिले. तिनं टाचा उंचावल्या, चिमटा दाबला, दिवा काढला, बटण दाबून विझवला.

"काढला का?"

"काढला," ती म्हणाली. "चला आत."

ते उंबरठ्यावर हात ठेवून आत गेले. तिनं दिवा पदराच्या टोकानं पुसला आणि मग माझ्याकडे बघून सुतासाठी हात पुढे केला.